संत डेवीचा दिवा

नेस्त मूळची वेल्सची. लग्न करून कॉर्नवॉलच्या या माळावरच्या गावात आली ती हट्टी स्वभाव आणि आपला संत डेवी एवढंच घेऊन. गावकरी स्वतःची कॉर्निश भाषा विसरून बसले होते. बाईने ती शिकून घेतली आणि चर्चच्या खोलीत त्यांनाच शिकवायला लागली. घरी मात्र तिचा शिष्य शून्य. नवरा जोरी भाषा तर सोडाच, साधा चहा करायलाही शिकला नाही.

एक मार्च हा डेवीचा दिवस. त्या दुपारच्या वर्गात दरवर्षी त्याचीच गोष्ट. यंदा जोरीच्या छातीने दगा दिला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. नेस्तचा पाय घरातून निघेना. जोरीनेच तिला हाकललं. "जा गं बाई. तुझा संत रुसायचा."

तिने गोष्ट सांगितली. डेवी बोलायला उभा राहिला तशी पायाखालची जमीन उचलून टेकडी झाली, खांद्यावर कबूतर येऊन बसलं. मग त्याने देवाकडे मागणं मागितलं, माझ्या माणसांना मरणाची आगाऊ खबर मिळू दे. तेव्हापासून मरणाऱ्याच्या दारातून एक दिवा निघतो आणि कबरस्तानापर्यंत जातो. पुरुषाचा लाल, बाईचा पांढरा.

"नेस्तमावशी, समोरून आलाच तर?" वर्गातली टॅमसिन खिदळली.

"मुकाट वाट सोडायची. अडवला तर अडवणाऱ्याचं काही खरं नाही."

"पण तो वेल्सचा दिवा ना? इथे कशाला तडमडेल?"

सगळे हसले. नेस्त हसली नाही.

परतताना संधिप्रकाश होता. पायवाटेवर कुंपण ओलांडायची दगडी पायरी होती, तिथे ती पोचली आणि तिच्या घराच्या बंद दारातून दिवा बाहेर आला. लाल. हात नाही, माणूस नाही, नुसती ज्योत. जन्मभर लोकांना वाट सोडायला सांगणारी ती बाई पायरीवर चढली आणि मधोमध उभी राहिली.

"नाही सोडणार," ती म्हणाली. "संताला सांग जा, नेस्त भांडतेय म्हणून."

दिवा तिच्या छातीजवळ येऊन थांबला. ऊब अजिबात नव्हती. बघता बघता ज्योतीतला लाल रंग उतरला आणि ती दुधासारखी पांढरी झाली. मग तिला वळसा घालून कबरस्तानाकडे गेली. नेस्तला भीती वाटली, फार वाटली. आणि त्याहून जास्त आनंद झाला.

घरात जोरी उशीला टेकून बसला होता. गालांवर रंग आला होता.

"नेस्त, भूक लागलीय गं. तुझं ते लीकच्या पातीचं सूप कर ना."

तिने चुलीजवळ खुर्ची ओढली, त्याला शालीत गुंडाळून तिथे बसवलं आणि सुरी हातात घेतली.

"नीट बघ. पात अशी चिरायची. मीठ शेवटी, एवढंच."

"मला कशाला दाखवतेस? तू आहेस की."

"बघून ठेव म्हटलं ना," नेस्त म्हणाली.