रांधणारीची पहिली पंगत

शिवकांताबाईंची व माझी ओळख साक्षरता वर्गात झाली. मी मूळची देवणी तालुक्यातील. मुलाच्या नोकरीमुळे लातूरला राहावयास आले तेव्हा मला अंगठ्याखेरीज दुसरी सही येत नव्हती. आमच्या गल्लीच्या मागे मुलींचे एक महाविद्यालय आहे. तेथील गृहविज्ञान विभागाच्या ओसरीवर दुपारी प्रौढ स्त्रियांचा वर्ग भरत असे, आणि विभागाच्या प्रमुख असूनही बाई तो स्वतः चालवीत. त्यांनी मला प्रथम माझे नाव शिकविले नाही. ‘तूर’ हा शब्द शिकविला. म्हणाल्या, "तुळजाबाई, रोज हाताखालून जाते ते आधी लिहा. नाव कुठं पळून चाललंय?"

बाई उदगीरच्या, कापड दुकानदाराची मुलगी. त्या विद्यापीठात शिकल्या तेव्हा या विषयास गृहअर्थशास्त्र म्हणत. पुढे त्याचे गृहविज्ञान झाले. त्या सांगत की, शेताचे अर्थशास्त्र मुलांच्या वर्गात गेले आणि घराचे मुलींच्या वर्गात आले, पण धान्य एकच आहे. किती तूर आडतीवर घालावी आणि किती घरात ठेवावी, हा प्रश्न चुलीपाशी बसूनच सुटतो. ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर शिकविली. त्यांचे लग्न झाले नव्हते. "संसाराचं शास्त्र शिकवती, अन् सोताला संसार न्हाई," असे बायका त्यांच्या पाठीमागे म्हणत. ते त्यांना ऐकू येत असे.

विभागाला लागून दोन खोल्यांचे एक घर होते. वर्गातील मुली आळीपाळीने तेथे काही आठवडे राहून घर चालवीत. एकीने बाजार करावा, एकीने रांधावे, एकीने साफसफाई पाहावी, असा क्रम असे. त्या घराचा एक नियम बाईंनी घातला होता. जिने रांधले, तिने पहिल्या पंगतीला बसावयाचे. बाकीच्या मुली तिला वाढीत आणि वाढता वाढता प्रश्न विचारीत. आज ही डाळ का निवडली? जिन्नस महागला तर काय करशील? पोटुशी बाई घरात असेल तर ताटात काय वाढवशील? ती जेवत जेवत उत्तरे देई. बाईंचा खरा वर्ग तो होता.

परंतु मुली कमी होत गेल्या. लातूरला ज्याला त्याला डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास हवा होता. अखेर संस्थेने सांगितले की, पुढील वर्षी पहिल्या वर्गात दहा मुली आल्या नाहीत तर विभाग बंद होईल. तेव्हा बाईंनी बारावी झालेल्या मुलींच्या वडिलांना त्या घरी जेवावयास बोलाविले. मुली काय शिकतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहावे, असा त्यांचा हेतू होता.

त्या दिवशी रांधण्याची पाळी शिवानीची होती. ती दुसऱ्या वर्षाची, सर्वांत हुशार मुलगी. तिने येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, भाकरी आणि गव्हाची गोड हुग्गी केली. तुरीविषयी काय बोलावयाचे ते तिने पाठ केले होते. मी पाणी देण्यास गेले होते.

बाईंनी पहिले ताट मांडून शिवानीला हाक मारली आणि पाटावर बसविले. तिचे वडील धोंडप्पा दारातच थांबले. त्यांचे किराणा दुकान होते, आणि पाहुण्यांपैकी बरेच जण त्यांनीच आणलेले होते.

"बाई, बाप उभा आन् पोरगी पाटावर? आमच्यात असं न्हाई हुत."

"इथला नियम आहे, धोंडप्पा. आज तिनं रांधलंय."

"मंग आमी काय, तिचं खरकटं काढाया आलाव?"

सगळे हसले. एक जण जाण्यासाठी चप्पल शोधू लागला. बाईंनी त्या चपलेकडे पाहिले, मग शिवानीकडे पाहिले, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "शिवानी, तू मागून बस. आधी पाहुण्यांना वाढ."

"मॅडम, मग मी बोलू कधी?"

"जेवणं होऊ दे."

पुरुष बसले. शिवानी वाकून वाढीत राहिली. तिला कोणी काही विचारले नाही. विचारले ते पाणी देताना मला, आणि एवढेच:

"मावशे, कालेजात गेल्यावर भाकरी गोल हुती का वो?"

"गोल का, पार चंद्रावानी हाय. वाढ गं आनखी एक!" शेजारचा शिवानीला म्हणाला.

माणिकप्पा नावाच्या गृहस्थांनी हुग्गी दोनदा घेतली आणि बोटे चाटीत म्हणाले, "धोंडप्पा, पोरगी तयार झाली की. काय वाट बघून राहिलास? माझा भाचा हाय, नांदेडला. बोल."

हात धुऊन मंडळी पानाच्या दुकानाकडे गेली. शिवानी ओल्या हातांनी दारात उभी राहिली. तिचे भाषण तसेच राहिले.

माणिकप्पांच्या भाच्याशी शिवानीचे लग्न झाले आणि ती तिसऱ्या वर्षाला आली नाही. बाकीच्यांनी निरोप पाठविला की, स्वयंपाक पोरींना त्यांची आई घरीच शिकविते, त्याला कॉलेज कशाला? पहिल्या वर्गात तीनच नावे आली. विभाग बंद झाला. त्या घराची चूल फोडली आणि तेथे बाके मांडली.

बाई कोणावर रागावल्या नाहीत. मला एवढेच म्हणाल्या, "तिला पाटावरून मी उठवलं. ती बसून राहिली असती, तर त्यांना तिला काहीतरी विचारावं लागलं असतं." मी म्हटले, लोक उठून गेले असते. त्या म्हणाल्या, "गेलेच की."

नंतर त्या नांदेडला भावाकडे राहावयास गेल्या. गेल्या पौषात तेथेच वारल्या, लिंगैक्य झाल्या. भावाच्या घरी त्या सर्वांच्या मागून जेवत, असे त्यांच्या भावजयीने मला सांगितले. तिने ते कौतुकाने सांगितले.

बाई लातूर सोडून गेल्या त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना जेवावयास बोलाविले होते. मी भाकरी केल्या, आमटी केली, त्यांच्यासाठी पाट मांडला, ताट वाढले आणि पदर सावरून वाढण्यासाठी उभी राहिले. त्या बसल्या नाहीत. माझ्या हातातील पळी त्यांनी काढून घेतली आणि म्हणाल्या, "तुळजाबाई, तुम्ही रांधलंय. आधी तुम्ही बसा."