साडूभाऊंचं पुढचं वाक्य

आमचे साडूभाऊ उभ्या आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं एखादंच वाक्य बोलले असतील, आणि तरीही आरमोरीपासून अहेरीपर्यंतच्या पट्ट्यात त्यांच्याइतकी वाक्यं बोललेला दुसरा माणूस नसेल. ते झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर होते. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपासून होळीपर्यंत आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात. नट आज या गावात, उद्या त्या गावात. तालमीला वेळ कुणाला? म्हणून रंगमंचापुढे, तबलेवाल्याच्या शेजारी, मांडीवर वही घेऊन एक माणूस बसतो आणि नायकापासून नायकाच्या आजीपर्यंत सगळ्यांना पुढचं वाक्य कुजबुजून देतो. तीस वर्षं साडूभाऊ तिथे बसले. टाळ्या नायकाला मिळायच्या, शिट्ट्या नाचणारीला आणि डास साडूभाऊंना. याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. तक्रार करायला लागणारं वाक्य त्यांच्या वहीत नव्हतं, एवढंच कारण असावं.

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे ते यजमान. घरी आले की आपल्या झाडीबोलीत बोलायचे, तेही मोजकंच: "हो जी", "नाई जी", "पानी द्या थोडंसं". पण समोरचा माणूस बोलता बोलता अडखळला, की साडूभाऊंची मान किंचित खाली जायची, ओठ हलायचे आणि अत्यंत शुद्ध, नाटकी मराठीत पुढचं वाक्य बाहेर पडायचं. त्यात कंसातल्या सूचनासुद्धा असायच्या. आणि धक्कादायक गोष्ट ही, की ते वाक्य कानात पडलं की माणूस ते म्हणून मोकळा व्हायचा. त्या कुजबुजीत असं काय होतं देव जाणे, पण आपलंच बोलणं आपल्याला आठवलं असं वाटायचं. मी शाळेतला मोठा बाबू. आवक-जावक, तीन प्रतीत अर्ज, खाली सही, असं माझं आयुष्य गेलं. नमुन्याबाहेरचं काही घडलं की माझ्या छातीत धस्स होतं, आणि साडूभाऊंनी मला जितक्या वेळा धस्स केलं तितकं माझ्या साहेबांनीही केलं नसेल.

माझ्या मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीचंच घ्या. चहा झाला, पोहे झाले, मुलगी आत गेली. मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बाकी देन्याघेन्याचं म्हनाल बाबू, तर आमचं असं आहे का..." इथे ते थांबले. मोटारसायकल हा शब्द चारचौघांत कसा काढावा, या विचारात असावेत. आणि कोपऱ्यातून कुजबूज आली: "आम्हांस नारळ आणि कन्या, एवढेच पुरे आहे. हात जोडतात." त्या भल्या माणसाने ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं आणि हातही जोडले. मग स्वतःच्या जोडलेल्या हातांकडे ते असे बघत राहिले, की मला त्यांची कीव आली. त्यांच्या बायकोचा चेहरा तर मी वर्णन करणार नाही, ती आता माझी विहीण आहे. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला दरदरून घाम फुटला. रात्रभर मी बायकोला विचारत होतो, "उद्या त्यांनी वाक्य परत घेतलं तर?" त्यांनी घेतलं नाही. मुलगी सुखात आहे.

असा हा माणूस एका हंगामात बेकार झाला, आणि तो कशाने झाला हे ऐकून मी खरोखर हादरलो. मायक्रोफोनने. कंपनीच्या मालकाने रंगमंचावर टांगायला नवे माईक आणले. इतके तिखट, की नायकाच्या श्वासाबरोबर साडूभाऊंची कुजबूजही शेवटच्या रांगेपर्यंत पोचू लागली. "आई, मी आलो" हे आधी साडूभाऊ म्हणायचे, मग नायक म्हणायचा. मालक त्यांना म्हणाला, "भाऊ, पब्लिक इचारून राह्यली, एकाच तिकिटात नाटक दोनदा काऊन दाखवता?" मग नटांच्या कानात घालायची बारीक यंत्रं आली. साडूभाऊंना पडद्यामागे बसवून हातात मोबाइल दिला. पण नायक प्राण सोडत असताना साडूभाऊंना खोकला आला, आणि कानात आलेलं सगळं म्हणायची सवय लागलेल्या त्या इमानदार नटाने तो खोकलाही तसाच खोकून दाखवला. करुण प्रसंगाला शेतात जमलेलं सगळं पब्लिक हसलं. दुसऱ्या दिवशी साडूभाऊंच्या जागी एक शिकलेला तरुण बसला, जो खोकत नाही आणि रडत नाही.

मेव्हणीचा फोन आला. "भाऊजी, याहिले काही काम पाहा ना. एकराभराच्या धानावर कसं भागन? न दिवसभर घरात बसून राह्यते, मी कुकरले बोलली तरी पुढचं सांगते." चौपन्न वर्षांच्या माणसाला काम शोधणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. अर्जात 'पूर्वीचा अनुभव' असा रकाना असतो. तिथे काय लिहायचं? तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं? मी 'संवाद सहायक' असं लिहिलं. बघणाऱ्याला वाटायचं, हे टेलिफोन खात्यात होते.

गडचिरोलीच्या एका कापड दुकानात माझ्या ओळखीने ते लागले. साड्या दाखवायचं काम. पहिल्याच दिवशी दुपारी मालकाचा मला फोन. एक बाई साडी हातात घेऊन घुटमळत होती, म्हणत होती, "घ्याव तर वाटते, पन..." आणि तिच्या मागे उभं राहून आमच्या साडूभाऊंनी कुजबुजलं: "रंग जाईल अशी शंका येते. अन्यत्र पाहून येते. उठते." ती बाई उठली. तिच्यामागून आणखी दोघी उठल्या. मालक मला म्हणाला, "बाबू, हा मानूस कोनाच्या बाजूचा आहे?" मी संध्याकाळी साडूभाऊंना फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "ते बाई अडखळली होती जी. त्याहिले मधातच कसं सोडू?" तेव्हा मला कळलं, की ते मालकाच्या बाजूचे नव्हते आणि गिऱ्हाइकाच्याही नव्हते. जो अडखळेल त्याच्या बाजूचे होते. अशा माणसाला पगार कोण देणार, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग एका दवाखान्यात जागा निघाली. लांबलांबच्या गावांहून पेशंट येतात, त्यांना चिठ्ठी काढून द्यायची, डॉक्टरांपर्यंत न्यायचं, असं काम. जागा एक, उमेदवार नऊ. मी रजा टाकून साडूभाऊंना घेऊन गेलो. आठवडाभर त्यांची तयारी करून घेतली होती. 'ही नोकरी तुम्हाला का हवी?' हे नक्की विचारतात, म्हणून उत्तरही त्यांच्याकडून वहीत लिहून घेतलं होतं. ते उत्तर त्यांचं त्यांनी लिहिलं होतं, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. पण वही घेऊन मुलाखतीला जाणं मला नियमात बसेना. "वही माझ्याकडे द्या," मी म्हणालो. त्यांनी दिली. तीस वर्षांत ते वहीशिवाय कुठे बसले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

त्यांच्या आधी एटापल्लीकडची एक माडिया आदिवासी मुलगी आत गेली. व्हरांड्यातल्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. गोंडी येते का? येते. मराठी? येते. मग साहेबांनी विचारलं, "ही नोकरी तुला का हवी?" मुलगी अडखळली. मी बाजूला पाहिलं. साडूभाऊंची मान खाली गेली होती. "अहो, नको!" मी म्हणेपर्यंत उशीर झाला होता. खिडकीच्या जाळीला तोंड लावून ते कुजबुजत होते: "आमचा माणूस दूरवरून इथे येतो. डॉक्टरांसमोर गप्प बसतो. आणि दुखणे घेऊन तसाच परत जातो. त्याचे बोलणे मी बोलेन." मुलीने ते वाक्य म्हटलं. आधी हळू, मग मान वर करून. आत कुणीतरी "वा!" म्हणालं.

ते माझ्या हातातल्या वहीतलं उत्तर होतं. एकुलतं एक.

पुढचं नाव साडूभाऊंचं पुकारलं. तोच प्रश्न आला. आणि तीस वर्षं एका दमात सगळ्या पात्रांचं बोलणारा माणूस टेबलापुढे उभा राहून नुसता बघत राहिला. मी खिडकीपासून दोन पावलांवर होतो. वही माझ्या हातात होती. तेच उत्तर पुन्हा किंवा दुसरं काहीतरी, काहीही, मला नुसतं कुजबुजायचं होतं. त्यांनी एकदा खिडकीकडे वळून बघितलेलंही मला दिसलं. पण मी वही बंदच ठेवली. मी नियमाने वागलो. पाच मिनिटांनी ते बाहेर आले, म्हणाले, "चला जी, बसची वेळ झाली." बसमध्ये मी त्यांच्यावर खूप चिडलो. आपली नोकरी असं कुणी खिडकीतून देऊन टाकतं का, असं बरंच बोललो. खरं तर मी कोणावर चिडलो होतो हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

दीड महिन्याने दवाखान्यातून फोन आला. त्या मुलीने डॉक्टरांना सांगितलं होतं, की गोंडी बोलणाऱ्यांचं मी बघते, पण आरमोरी-सावलीकडचे म्हातारे मराठी येत असूनही तुमच्यापुढे तोंड उघडत नाहीत. त्यांच्यासाठी खिडकीतल्या काकांना बोलवा. साडूभाऊ लागले. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी दवाखाना हादरवला. पोट धरून आलेला एक शेतकरी डॉक्टरांपुढे अडखळला, मागून कुजबूज आली, आणि तो बिचारा ठणठणीत आवाजात म्हणाला, "वैद्यराज, माझ्या उदरात वणवा पेटला आहे! कोसळतो." आणि कोसळला. दोघं जण स्ट्रेचर घेऊन धावले. डॉक्टरांनी साडूभाऊंना बाजूला घेतलं. ते काय बोलले माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून साडूभाऊंनी चौपन्नाव्या वर्षी आपली विद्या नव्याने शिकायला घेतली. आधी बाकावर पेशंटच्या शेजारी बसायचं. कुठून आले, संगं कोन आहे, जेवले का, हे विचारायचं. तो जे बोलेल ते ऐकायचं, जे बोलणार नाही तेही ऐकायचं, आणि आत गेल्यावर तो अडखळला तर त्याचंच वाक्य त्याच्याच बोलीत त्याला परत द्यायचं. वही सुटली. मला हे मेव्हणीने सांगितलं तेव्हा विश्वास बसला नाही.

त्याच वर्षी मी सेवानिवृत्त झालो. शाल, नारळ, घड्याळ. पहिला आठवडा मजेत गेला. मग रोज सकाळी साडेदहाला माझी कासाविशी सुरू व्हायची. डबा नाही, हजेरीपट नाही, कुणाची सही राहिलेली नाही. बायको म्हणायची, "मधातून उठा, मले झाडू द्या." एक दिवस मी गुडघा दुखतो असं जाहीर केलं आणि दवाखाना गाठला. साडूभाऊ बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. मी शाळेविषयी बोललो, नवीन आलेल्या बाबूविषयी बोललो, त्याला फायली कुठे ठेवल्यात ते ठाऊक नाही हेही दोनदा बोललो. ते "हो जी, हो जी" करत राहिले.

आत डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास?"

"गुडघा."

"कोणता?"

मी अडखळलो. कोणता ते मी ठरवलं नव्हतं. आणि माझ्या मागून, माझ्याच कानात, ती कुजबूज आली. तीत वैद्यराज नव्हते, कंस नव्हता. "गुडघा नाई जी डाक्टर. साडेदहा वाजते न कुठी जाव, समजत नाई. कोनाले माह्यं काम राह्यलं नाई. मले भेव वाटते."

मी ते सगळं म्हटलं. शेवटपर्यंत म्हटलं. म्हणून झाल्यावर माझा आवाज माझ्या कानावर आला. चौतीस वर्षांत इतकं खरं मी कुठल्या कागदावर लिहिलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बसा. सावकाश सांगा."

बऱ्याच वेळाने बाहेर आलो तर साडूभाऊ बाकावर डबा सोडून बसले होते. अर्धी पोळी त्यांनी माझ्या हातात दिली. मला त्या मुलाखतीच्या दिवसाबद्दल बोलायचं होतं. "त्या दिवशी खिडकीपाशी मी..." एवढं म्हणालो आणि पुन्हा अडखळलो. मी वाट पाहिली. पण त्यांची मान खाली गेली नाही, ओठ हलले नाहीत. माझ्याकडे सरळ बघत, नेहमीच्या आवाजात ते म्हणाले, "मले मालूम होतं, भाऊ, तुमी तिथीच होते. तुमाले बी कोनी सांगनारा नव्हता ना."

माझ्या माहितीत, कुणी न विचारता त्यांनी स्वतःच्या मनातलं बोललेलं हे पहिलं वाक्य. तेवढ्यात आतून पुढचा नंबर पुकारला. समोरच्या बाकावरची एक म्हातारी पदर सावरत, घाबरत उठली, आणि साडूभाऊ डबा तसाच ठेवून तिच्या मागे आत गेले.