पायरीवरचं जेवण

साठ सालाच्या आसपास मी अमरावतीच्या कचेरीत कारकून होतो आणि दुपारी समोरच्या खाणावळीत जेवायचो. वर्षातून एकदा तिथे अकोटकडचा एक म्हातारा शेतकरी यायचा. रानडुकरांपासून पीक राखायला त्याला सरकारने बंदुकीचा परवाना दिला होता. नव्या वर्षाचा शिक्का हवा तर बंदूक कचेरीत आणून दाखवावी लागे. एसटीत ती गुडघ्यांत धरून बसल्याने त्याची पाठ आखडलेली असायची.

खाणावळवाला दरवर्षी दारातच म्हणायचा, "परवाना सरकारचा असंल, घर माह्यं हाये. बंदूक भायेर ठेवा अन् आत या."

म्हातारा परवान्यावर बोट ठेवायचा. "हातची सोडू नोको, असं लिवलं हाये याच्यात."

दोघंही बरोबर होते, त्यामुळे भांडण कधी झालंच नाही. म्हातारा पायरीवर बसायचा, बंदूक मांडीवर आडवी घ्यायचा आणि खाली ठेवलेल्या ताटातून वाकून वाकून जेवायचा.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "एवढ्या दुरून येता, राग नाही येत?"

भाकरी मोडताना त्याने वरही पाहिलं नाही. "कायचा राग, बाबूजी? मीबी वावरात उभा राहून डुकरायले हेच म्हनतो. हे माह्यं हाये, आत येऊ नोका. त्यायलेबी तं भूकच आनते."

मग ताट उचलून तो एक पायरी खाली सरकला. आत जाणाऱ्यांना वाट हवी होती.