पहिल्या मॅचचे बूट

एलादियो स्पेनमध्ये बारा वर्षं फुटबॉल खेळला आणि त्यातलं एक वर्षही वरच्या डिव्हिजनमध्ये नाही. आरागॉनमधल्या त्याच्या गावाला त्याचं कौतुक होतं, गावाबाहेर त्याला कुत्रं ओळखत नव्हतं. गुडघा गेला तसा तो मॅनेजर झाला. तिथंही तीच तऱ्हा. खालच्या डिव्हिजनमधला मॅनेजर म्हणजे टीम हरली की ज्याच्या डोक्यावर खापर फोडायचं तो माणूस. एकेक करत सगळ्या क्लबांनी त्याला नारळ दिला.

चौऱ्याण्णवच्या वर्ल्ड कपनंतर अमेरिकेत फुटबॉलचं वारं सुटलं, तेव्हा टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या एका नव्या टीमने त्याला बोलावलं. तो स्पॅनिश आहे, एवढीच त्याची लायकी त्यांनी पाहिली. टीम कॉलेजच्या मुलांची, उन्हाळ्यापुरती. हवा अशी दमट की सराव झाल्यावर बनियन पिळून घ्यावा लागायचा.

टीमच्या ऑफिसने पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता. स्कॉलरशिपवर शिकणाऱ्या खेळाडूला टीमकडून बक्षीस नाही, भेट नाही, काहीच नाही. घेतलं तर स्कॉलरशिप गेली. एलादियोने मान डोलावली. ऑफिसातल्यांचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, हे तो स्पेनमध्ये शिकून आला होता. शिवाय नीट न कळलेलं इंग्रजीत पुन्हा विचारायचं म्हणजे कमीपणा! त्या कमीपणाला भिऊन हा शहाणा गप्प बसला.

त्याच्या गावात एक रीत होती. मुलगा पहिल्यांदा मोठ्या टीममधून उतरला की मॅनेजरने स्वतःच्या खिशातून त्याला बूट घ्यायचे. सतराव्या वर्षी त्याला असे मिळाले होते, आणि ते घालून तो रस्त्याने खाडखाड करत घरी गेला होता. पुढे मॅनेजर म्हणून तो पुष्कळ मॅच हरला, पण ही रीत त्याने मोडली नाही. आपल्या हातून नीट होणारी तेवढी एकच गोष्ट आहे, असं त्याला वाटे.

जूनमध्ये त्याने कुशलला पहिल्यांदा उतरवलं. नागपूरहून आलेल्या रामभाऊ इंजिनिअरांचा हा मुलगा, ह्यूस्टनमध्येच जन्मलेला, कॉलेजात स्कॉलरशिपवर शिकणारा. पोराने त्या दिवशी मैदान गाजवलं. मॅचनंतर एलादियोने सगळ्यांसमोर त्याच्या हातात नवे बूट ठेवले. कुशल भेटेल त्याला सांगत सुटला, कोचने दिले, कोचने दिले. ते फिरत फिरत कॉलेजच्या कानावर गेलं.

कॉलेजमधून एलादियोला फोन आला. बूट कुणाच्या पैशांचे, हे सोमवारी त्याला आणि कुशलला वेगवेगळं विचारणार होते. रविवारी तो तडक रामभाऊंच्या घरी गेला.

घरात नुकतीच बुद्धवंदना झाली होती, सतरंजी अजून पसरलेलीच होती. दर रविवारी रामभाऊ आसपासच्या मुलांकडून पंचशील म्हणून घेत. खोटं न बोलण्याचं शील मी दोनदा म्हणायला लावतो, असं त्यांनीच त्याला एकदा हसत सांगितलं होतं.

आज ते हसले नाहीत. सगळं ऐकून त्यांनी बुटांची किंमत विचारली आणि तेवढ्या नोटा टेबलावर ठेवल्या.

"बूट मी घेतले. पैसे मी तुम्हाला आधीच दिले होते, कुशलला सरप्राइज म्हणून. उद्या असंच सांगायचं."

"आणि कुशल?"

"त्यालाही हेच सांगू. त्याला खोटं बोलता येत नाही, कोच. जे खरं वाटेल तेच तो बोलेल."

"पण सेन्योर, तुम्ही तर..."

"आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला," रामभाऊ खाली बघत म्हणाले. "तुमच्या बुटांपायी माझा मुलगा ती उतरणार नाही. घ्या ते. निदान पैसे तरी खरे असू देत."

एलादियोने नोटा उचलल्या. दिलेल्या बुटांचे पैसे परत घेताना त्याला स्वतःची किळस आली. पण चूक त्याची होती, आणि पोराचं शिक्षण त्याच्या मानापेक्षा मोठं होतं.

रामभाऊंनी कुशलला हाक मारली आणि त्याच्यासमोर ठरलेलं सगळं बोलून टाकलं. कुशल ऐकता ऐकता एलादियोकडे बघत होता, तो आत्ता नाही म्हणेल अशा आशेने.

"येस," एलादियो म्हणाला. "युवर फादर पेड."

"ओह. ओके." कुशल वडिलांकडे वळून हळूच म्हणाला, "बाबा, डिड यू पे हिम टू प्ले मी टू?"

मला खेळवायचेही पैसे तूच दिलेस का? एवढं इंग्रजी एलादियोला नीट कळत होतं.

"नो!" तो ओरडलाच. "नो, नो. दॅट वॉज यू!"

कुशलने मोठ्यांपुढे हलवावी तशी मान हलवली. आत्ताच खोटं बोललेल्या तोंडाचं खरं तो कशाला धरेल? रामभाऊ सतरंजीची घडी घालू लागले.

सोमवारी दोघांचं बोलणं तंतोतंत जुळलं आणि कुशलची स्कॉलरशिप वाचली. शनिवारच्या मॅचला तो आला नाही. त्याला फोन करून ये म्हणायला एलादियोला तोंड उरलं नव्हतं.