काखेतले हात

शेजारच्या अंगणात मोहफुलं वाळत पडली की त्यांचा गोड, आंबूस वास घरात शिरतो आणि मला सुमी आठवते. सुमी माझी धाकटी बहीण, स्वमग्न होती. हाती येईल ते आधी नाकाला लावायची, मग खुदकन हसायची. आई गेल्यावर मी तिला चंद्रपूरच्या एका निवासी संस्थेत ठेवलं.

सहा महिन्यांनी भेटायला गेले, तेव्हा रुमालात ओंजळभर मोहफुलं बांधून नेली. सुमी भिंतीशी बसली होती. मी रुमाल सोडून पुढे धरला. तिने फुलांकडे पाहिलं, मग सांभाळणाऱ्या बाईंकडे पाहिलं आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबले.

"आता कशालेच हात लावत नाई ते," बाई म्हणाल्या.

"लय चांगली शिस्त लावली बाई तुमी हिले," मी म्हटलं. खरंच बरं वाटलं होतं मला. घरी तिला आवरता आवरता मी थकून गेले होते.

सुमीच्या नाकपुड्या मात्र फुलल्या होत्या. ते मला दिसलं होतं. हात असे लपवायला तिला कुणी, कसं शिकवलं, हे विचारायचं सोडून मी बाईंचे आभार मानले, फुलं त्यांनाच दिली आणि घरी परतायला वडशाची गाडी धरली.