खाडीपलीकडचं पटकूर

गेल्या उन्हाळ्यात मुलगी सुट्टीवर आली होती. कॉम्प्युटरची नोकरी, त्यामुळे सुट्टीतही फोन कानाला. एकदा तासभर कुणाशी तरी बोलून, कपाळाला आठ्या घालून ती स्वयंपाकघरात येऊन बसली. मी आडाळ्यावर, आमच्याकडच्या विळीवर, खोबरं खवत होते. म्हटलं, एवढं काय बिघडलंय ते मलाही कळू दे. तेव्हा तिने सांगितलं. मशीनच्या आत एक पहाऱ्याचं घड्याळ असतं. चालू प्रोग्रामने थोड्या थोड्या वेळाने त्याला 'मी आहे' असं कळवायचं. कळवलं नाही, की घड्याळ समजतं हा अडकला, आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू करतं. हिच्या ऑफिसातल्या कुणा शहाण्याने ते कळवायचं काम मागे चालणाऱ्या दुसऱ्याच एका लहान प्रोग्रामवर सोपवलं होतं. मुख्य काम कधीचं ठप्प, आणि तो लहानगा आपला इमानेइतबारे कळवतोय, सगळं ठीक आहे.

"मग चूक कोणाची?" मी विचारलं.

"त्या बिचाऱ्याची नाही ग. त्याला सांगितलं तेच तो करत होता."

माझा हात थांबला. बाई ग, तू मला हे काय शिकवतेस? हे मला तुझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे.

माझं माहेर वालावलच्या बाजूला, खाडीच्या काठावर. लग्न होऊन मी समोरच्या काठावर आले. वडील गेलेले, भाऊ मुंबईला कामाला, आई घरात एकटी. दोन घरांच्या मध्ये काय ते पाणी. होडीत बसलं तर तोंडातलं पान संपायच्या आत पोचावं. पण साठच्या दशकात सुनेने मनात आलं की उठावं आणि माहेरी जावं, असं कुठे होतं? चतुर्थी झाल्यावर चार दिवस आणि जत्रेला एक दिवस, संपलं माहेर. समोर घर दिसतंय, आपल्या दारचे माड दिसतायत, आणि जाता येत नाही, याचा मला भयंकर राग यायचा. तो सगळा मी भांड्यांवर काढायची.

सासूच्या कानावर तो खणखणाट जात असणार. ती तोंडाची फटकळ, पण शब्दाची पक्की. तोड तिनेच काढली. आईने रोज सकाळी काठावरच्या माडाला लाल पटकूर बांधायचं, म्हणजे जुन्या लुगड्याचा फाटका तुकडा. मी इकडून बघायचं. "पटकूर दिसला नाय, तर माका इचारीत बसू नको. होडीत बस आणि जा," असं तिने मला बजावलं.

रोज चुलीवर पेज ठेवून मी पाण्याच्या कडेपर्यंत जायची. लाल दिसलं की जिवात जीव यायचा. आई उठली, माडापर्यंत चालली, हात वर केला, गाठ मारली, एवढं सगळं मला त्या ठिपक्यात दिसायचं. आणि खरं सांगते, एखाद्या दिवशी ते दिसू नये असंही वाटायचं. एकच दिवस. आई विसरावी, मी धावत जावं, तिने "अगो, इसारलंय" म्हणून हसावं, आणि तिच्या हातची पेज खाऊन मी परत यावं. मग लगेच स्वतःच्याच गालात मारून घ्यायची. देवाने ऐकलंबिकलं तर?

पुढे मला दिवस राहिले. पोटात ही कॉम्प्युटरवालीच. सातवा लागला, त्या सुमाराला पटकूर फार वेळेवर दिसायला लागलं. तिकडच्या चर्चची सकाळची घंटा झाली की लगेच माडावर. एरवी आईचा काही नेम नसे. सोमवारी तर ती आधी देवळात जाई आणि पटकुराला हमखास उशीर होई. आता सोमवारीही घंटेबरोबर हजर. मी मूर्ख, मला आनंद झाला. वाटलं, आजी व्हायची म्हणून म्हातारीला हुरूप आलाय. होडीवाल्याला विचारलं, आई कशी आहे, तर तो वल्ह्याकडे बघत म्हणाला, पटकूर दिसता मां? दिसत तर होतं.

एका सकाळी घंटा झाली आणि माड रिकामा. पेज उतरवून पुन्हा येऊन पाहिलं, तरी रिकामा. आईचं काहीतरी बिघडलंय, हे कळलं. आणि सांगायला लाज वाटते, पण आता जायला मिळणार म्हणून आतून बरंही वाटलं. सासूने माझ्या पोटाकडे बघितलं, खांद्यावर पदर घेतला आणि स्वतःच माझ्याबरोबर होडीत बसली.

माडाखाली आईची शेजारीण उभी होती. ख्रिस्ती बाई, आईच्याच वयाची, मी तिला मावशी म्हणायची. पटकूर तिच्या हातात होतं. तिच्याकडून कळलं, की आई तीन आठवडे अंथरुणाला खिळली होती. ताप हटत नव्हता. वैद्य झाले, डॉक्टर झाले. पोटुशी पोर पाण्यावरून धावत येईल, तिचं काही बरंवाईट होईल, म्हणून आईने मावशीला शपथ घातली होती, आणि होडीवाल्यालाही. मावशी रोज घंटा ऐकून येत होती आणि पटकूर बांधून जात होती. मी तिला काय काय बोलले ते आता लिहवत नाही.

"तुझ्या आवशीन सांगल्यान ता केलंय," ती म्हणाली. "पण आज माजो हात उठलो नाय."

मी आत गेले. आईची नुसती हाडं उरली होती. शेजारी बसून तिचा हात हातात घेतला. गेल्या गेल्या काय बोलायचं, कसं भांडायचं, कुशीत कसं शिरायचं, हे मी कितीतरी महिने मनात घोळवलं होतं. तिने डोळे उघडले, पण नजर माझ्यावर ठरेना. माझा हात तिने चाचपला आणि मला मावशी समजून विचारलं,

"पटकूर लायलंस मां?"

आये, मी इलंय, हे शब्द ओठांपर्यंत आले. अख्खं वर्ष मी ते शब्द म्हणायलाच झुरत होते. पण ते बोलले असते तर तिला कळलं असतं की पोर पाण्यावरून आलीच. तिचा श्वास आधीच अडखळत होता. दारात सासू तोंडात पदर घालून उभी होती.

"लायलंय," मी म्हटलं.

"तिना बघल्यान?"

"बघल्यान."

तिने डोळे मिटले. कपाळावरची आठी गेली. मी तिचा हात धरून तशीच बसून राहिले, आणि मावशी म्हणूनच बसले. दिवेलागणीला ती गेली. मी आले होते, हे तिला कळलंच नाही.