शेवटचं प्रकरण घरी मिळेल

रश्मीचा फोन आला तेव्हा मी दुर्गच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होतो. “काका, पापा नहीं रहे,” एवढंच ती म्हणाली आणि मग मराठीत, “तुमी लवकर या.” शेषराव कापगते सकाळी फाटकाच्या कडीला तेल घालायला म्हणून बाहेर आला, दम लागला म्हणून पायरीवर बसला आणि बसला तो उठलाच नाही. दुपारी मुक्तिधामात मिलमधले जुने सोबती होते, महाराष्ट्र मंडळातली माणसं होती, साकोलीहून आलेला त्याचा मेहुणा होता. रश्मी एकुलती एक, तिनेच अग्नी दिला. आम्ही कडेच्या बाकावर येऊन बसलो, तर हथखोजला ज्यांचं छोटं वर्कशॉप आहे ते ढोमणे माझ्याजवळ सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “भाऊ, खुनी कोन होता? तुमाले तरी सांगितलं का त्यायनं?” मेहुणा ताडकन उभा राहिला. “खुनी? अटॅक होता म्हनले ना बाप्पा मले!” त्याला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. तशा जागी हसू नये, पण मला हसू आलं, आणि शेषराव असता तर तो सगळ्यात आधी हसला असता हे लक्षात येऊन मग रडूही आलं.

समजावलं ते असं. शेषराव खुनाच्या कादंबऱ्या लिहायचा. स्वतः लिहायचा, स्वतः छापायचा आणि स्वतःच स्कूटरच्या डिक्कीत घालून विकायचा. भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या रेल मिलमध्ये तो रुळांच्या तपासणीवर होता, मी त्याच मिलच्या ऑफिसात. माझं घराणं दुर्गचं, चार पिढ्या इथेच, तरी घरातली बोली पुस्तकी, म्हणून माझं मराठी शुद्ध असणार असा त्याने परस्पर निकाल लावला आणि पहिल्या कादंबरीची प्रुफं माझ्या टेबलावर आणून टाकली. मला खुनाच्या गोष्टी आवडत नाहीत. मेलेल्या माणसाभोवती एवढी हुशारी कशाला दाखवायची, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. पण “कूलिंग बेडवरचा खून” (तापलेले रूळ निवायला ठेवतात तो बेड) मी ऑफिसातच, जेवणाची सुट्टी उलटून गेली तरी वाचत बसलो, हेही खरं. नंतर त्याची प्रत्येक कादंबरी मीच तपासली. प्रुफं तपासताना मी शिव्या घालायचो आणि तो त्या मन लावून ऐकायचा.

त्याचे खून सगळे आपल्याकडचे. कुणी मिलमध्ये मरायचा, कुणी सेक्टर सहाच्या बाजारामागे, कुणी पॉवर हाऊसच्या उड्डाणपुलाखाली. खुनी सायकलने सेक्टरमधून निघून शिफ्ट संपायच्या आत परत येऊ शकतो का, हे बघायला तो मला घेऊन खरोखर सायकलने निघायचा. एकदा हथखोजमध्ये एका बंद कारखान्याची भिंत तो वितीने मोजत होता तेव्हा चौकीदाराने आम्हा दोघांना धरून बसवलं. “चोरी नहीं, मर्डर का हिसाब कर रहे हैं,” असं शेषरावने त्याला प्रामाणिकपणे सांगितलं, आणि त्यामुळे आम्ही आणखी बराच वेळ तिथे बसलो. मुखपृष्ठाचं मात्र त्याला काही सोयरसुतक नव्हतं. प्रेसवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये जे चित्र सापडेल ते. खून गोंदिया पॅसेंजरच्या डब्यात आणि मुखपृष्ठावर परदेशातल्या उंच इमारती, पाऊस आणि पिस्तूलवाली गोरी बाई. त्याच्या कुठल्याच पुस्तकात पिस्तूल नाही. मी म्हटलं, लोक फसतात. तो म्हणाला, “फसू दे ना गड्या. पुस्तक उघडलं का घरीच येतेत.”

घरी येतात हे अगदी शब्दशः. त्याची हकिकत अशी की पहिली कादंबरी निघाली त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत आमच्या एका पदाधिकाऱ्याने शेवटचं पान आधी उघडून पाहिलं आणि खुन्याचं नाव मोठ्याने सांगून टाकलं. शेषराव पंगतीतून न जेवता उठला. पुढच्या पुस्तकापासून त्याने शेवटचं प्रकरण पुस्तकात घालणंच बंद केलं. शेवटच्या पानावर चौकटीत छापलेलं असायचं: शेवटचे प्रकरण लेखकाच्या घरी मिळेल. खाली क्वार्टरचा पत्ता. मी म्हटलं, वेडा झालास काय, लोक पुस्तक तोंडावर फेकतील. पण लोक आले. आधी सेक्टरमधले, मग दुर्ग-राजनांदगावचे, नंदिनी नगरच्या खाणीवरचे, सुट्टीत माहेरी आलेल्या बायका. नियम असा की आधी बसायचं, चहा घ्यायचा, मग खुनी कोण ते कारणासकट सांगायचं, आणि त्यानंतर पातळ पुस्तिका हातात पडायची. एरवी हिंदीत जगणारी ही माणसं त्या समोरच्या खोलीत तासतासभर मराठीत भांडायची. सुमनवहिनी म्हणायच्या, “भाऊजी, माह्या घरी पोलिस ठेसन झालं हाय. दूध पुरून नाही राहिलं.” तक्रार करायच्या, पण आलेल्याला चहासोबत चिवडा त्याच द्यायच्या.

एकदा शेषराव बाहेर गेलेला असताना हे ढोमणेच आले होते. वहिनींनी ट्रंकेतून काढून जी पुस्तिका हाती लागली ती त्यांना दिली, आणि ती निघाली भलत्याच कादंबरीची. ढोमणेंनी वाचलेल्या पुस्तकात जो माणूस कुठे नव्हताच, तो शेवटी खुनी ठरला. शेषरावला हे कळलं तेव्हा त्याचं जेवणावरून मन उडालं. आता हा मनुष्य गावभर सांगणार, कापगतेला धड शेवट करता येत नाही! तर दुसऱ्या रविवारी ढोमणे पेढे घेऊन हजर. “सायेब, काय शेवट केला! ज्याच्यावर कोनाचा डाऊटच नाही जाऊ शकत, तोच काढला तुमी!” शेषरावने पेढा खाल्ला आणि गप्प बसला. ढोमणेंना हे आजवर माहीत नाही, आता या लेखातून कळेल. पेढे चांगले होते, ढोमणे.

नवीन पुस्तक निघालं की पहिले काही आठवडे येणाऱ्यांना मात्र शेवटाची पुस्तिका मिळायची नाही. “छपून राहिलं हाय, पुढच्या महिन्यात या,” असं तो सांगायचा. मी बरीच वर्षं प्रेसवाल्याला आळशी समजत होतो. एकदा सिव्हिक सेंटरला फिरायला गेलो असताना मी त्याच्यावर उखडलो. शेवट आधी दे ना, प्रुफं एकदमच होतील. शेषरावने आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला, “मधुभाऊ, शेवट देऊ कुठून? मलेच माहीत नसते ना खुनी कोन हाय ते.” मला वाटलं थट्टा करतो आहे. पण नाही. तो खून करायचा, पाच-सहा माणसांवर सारखा संशय येईल अशी बांधणी करायचा आणि तिथेच थांबायचा. मग लोक यायचे, चहा पिऊन नावं सांगायचे, कारणं द्यायचे. त्यातलं जे कारण त्याला पटायचं, त्याच्यावर तो शेवटचं प्रकरण लिहायचा. “मी एकटा बसून ठरवलं तर माहा खुनी एकटा माहाच राहीन. लोकायले कोन खरा वाटते, ते तर ऐकू दे.” मला ही शुद्ध लबाडी वाटली आणि तसं मी त्याला सुनावलं. आज वाटतं, तो लोकांना घरी बोलवायचा तो शेवट द्यायला नाही, घ्यायला. हे वहिनींनाही ठाऊक नव्हतं.

नाव सांगायला सगळे यायचे, फक्त घरातलीच एक यायची नाही. रश्मी. ती भिलाईतच इंग्रजी शाळेत शिकली, मैत्रिणी हिंदी बोलणाऱ्या, मराठी फक्त स्वयंपाकघरातलं. अक्षरं तीच असल्यामुळे तिला वाचता यायचं, पण वाक्याच्या मध्यावर पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटायची. रायपूरला नोकरी लागल्यावर ती शनिवार-रविवार घरी यायची, चहाचे कप भरून आणायची, वाचकांचे वाद कौतुकाने बघायची. “पढ़ूँगी पापा, पक्का, इस बार छुट्टी में,” हे मी कितीदा ऐकलं असेल. ती खोटं बोलत नव्हती, तिची सुट्टी खरंच कशात तरी जायची. प्रेसवाला शेषरावला कायम म्हणायचा, साहब, हिंदी में लिखो, स्टेशन पर बिकेगी, बिटिया भी पढ़ लेगी. त्याने एकदा प्रयत्न केलाही. मला म्हणाला, “हिंदीत खून करता येते मले, पन पकडता नाही येत.” म्हणजे त्याच्या कादंबऱ्यांतला तपास करणारा हवालदार त्याच्या डोक्यात मराठीतच बोलायचा.

मी त्याला म्हटलं, तिला सरळ बसवून वाचायला सांग. त्यावर तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. “वाच म्हनून सांगितलेलं पुस्तक कोनी वाचते का बे? मंग ते शाळेतलं होते.” आणि जरा शांत झाल्यावर त्याने ते सांगितलं जे माझ्या मनातून जात नाही. “एक ठरवून ठेवलं हाय मी. ज्या दिवशी रश्मी येऊन नाव सांगन ना, त्या पुस्तकात तोच खुनी. कोनाचंही सांगू दे. पोस्टमनचं सांगितलं तर पोस्टमन. कसा बसवायचा ते मी पाहीन... पन तिले सांगजो नको. नाही तर माह्यासाठी वाचन ते.” मी शब्द दिला. मनात म्हटलं, हा मनुष्य आपल्या लेकीच्या चुकीसाठी एवढी तयारी करून बसला आहे.

शेवटची कादंबरी नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत घडते. त्याची सगळ्यात चांगली, हे मी, खुनाच्या गोष्टी न आवडणारा मनुष्य, सांगतो आहे. लोक आले, नावं सांगून गेले. ढोमणे दोनदा आले, दुसऱ्यांदा नाव बदलून. या वेळी मात्र शेषराव शेवट लिहायला बसेना. प्रेसवाला मला फोन करायचा, मी याला. “थांब जरा. एक जन यायचा बाकी हाय,” म्हणायचा. कोण ते मला कळत होतं. रश्मीने या वेळी पुस्तक रायपूरला नेलं होतं. एवढ्यावर तो खूश होता. नेलं म्हणजे उघडलं असं नाही, असं मी म्हणणार होतो, पण म्हटलं नाही. तो वाट बघत असतानाच गेला, याचं मला दुःख आहे. त्याने एकदा तोंड उघडून तिला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, याचा रागही आहे. मेलेल्या मित्रावर रागावता येतं, हे मला या वयात कळलं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि मागच्या आठवड्यात मी सेक्टर सहाला शेषरावच्या घरी गेलो. वहिनींना एकदा स्पष्ट सांगावं म्हणून गेलो होतो, की शेवटचं प्रकरण कुठेही ठेवलेलं नाही, शोधू नका, येणाऱ्यांना तसं सांगून टाका. कारण लोक अजून येत होते. भेटायला म्हणून यायचे, बसायचे, आणि उठताना चुळबुळ करायचे. फाटक उघडून आत गेलो तर समोरच्या खोलीत रश्मी. रजा वाढवून राहिली होती. पुस्तक मांडीवर, बोट ओळीखाली, ओठ हलत होते. मला पाहून तिने बोट न उचलता दुसरा हात वर केला.

“काका, तुमाले कोन वाटते ते सांगू नका हां. माझं पूरं नाही झालं. सगळे येऊन नाव बोलून जातेत, मी कान बंद करून बसते.”

“बाई, मी खुनाचं बोलायला नाही आलो,” मी म्हटलं.

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. रश्मीने आवाज खाली आणला. मग म्हणाली, “पण तुमाले तर माहीत असन. पापाने कोनाले ठरवलं होतं?”

मी शब्द दिलेला होता. पण ज्या कारणासाठी दिला होता ते कारण आता उरलं नव्हतं, ती आपली आपण वाचत होती. म्हणून सांगितलं. “कुणालाच नाही. तू नाव सांगशील तोच खुनी, असं ठरवून तो थांबला होता.”

“मी?”

“तू.”

“आनि मी गलत सांगितलं तर?”

“तुझं गलत होणारच नाही, अशीच सोय होती ती.”

ती रडली. मी तिला थांबवलं नाही. वहिनींनी आतून विचारलं काय झालं, तर “कुछ नहीं,” म्हणाली, ओढणीने तोंड पुसलं आणि बोट सरकलं होतं ती ओळ शोधायला लागली. सापडली. या वेळी मोठ्याने वाचू लागली, अडखळत, एकेक शब्द वेगळा काढून. खाणीवरचा मुकादम घरी परतला नाही म्हणून त्याची बायको दारात उभी राहते, तो भाग होता. मध्येच थांबून तिने विचारलं, “काका, कासावीस म्हणजे?”

मी अर्थ सांगायला गेलो, तेवढ्यात आतून वहिनीच म्हणाल्या, “वाट पाहून पाहून जीव खाली-वर होते ना, ते.”

रश्मीने मान हलवली आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.